आजही मीच आलो

"माझ्या भरवशावर नका राहू, बाई," असं म्हणतच ते रक्ताच्या निकालांची यादी माझ्या खिडकीतून आत सरकवायचे. यादीचं एक टोक मात्र त्यांच्या चिमटीतच असायचं. मी ओढायची, ते सोडायचे नाहीत. मग म्हणायचे, "चौथा नंबर एकदा आणखी पाहून येतो." यादी परत जायची. दहा मिनिटांनी यायची, तेव्हा चौथ्या नंबरासमोर आधी होतं तेच लिहिलेलं असायचं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगलातल्या आरोग्य केंद्रात ते रक्त तपासायचे आणि मी औषधं द्यायची. मी आरमोरीची. वडिलांचं तिथे शिवणकामाचं दुकान. चोवीस वर्षांची असताना ही नोकरी लागली आणि घराबाहेर पहिल्यांदाच राहिले. केंद्रातले सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणू लागले. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारं. भाऊ चारदा ओढायचे आणि थांब्यापर्यंत जाऊन पाचव्यांदा परत यायचे. एकदा ते बल्लारपूरला भावाच्या मुलीच्या लग्नाला निघाले, तर वडशावरून त्यांनी मला फोन केला. "बाई, आमच्या घरावरून जाता का जरा? गॅसचा वास येते का पाहा फक्त." त्यांची बायको, आमच्या वहिनी, शेजारीच बसलेल्या होत्या. त्यांचा आवाज फोनमधून मला स्वच्छ ऐकू आला. "ह्यायचा देवावर भरवसा आहे. पन गॅस बंद केला का, यावर नाई."

भाऊ ख्रिस्ती होते. त्यांची आई बल्लारपूरच्या बाजूला एका मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि प्रार्थना तिनंच त्यांना शिकवलेली. तालुक्याच्या गावी पत्र्याच्या छपराचं एक लहानसं चर्च आहे. पाच-सात घरांची मंडळी तिथे जमायची. भाऊ दर रविवारी सायकलनं जायचे. पाळकांनी त्यांना पुढे उभं राहून वाचायला सांगितलं की ते घसा बसल्याचं सांगायचे. पाळक एकदा केंद्रात आले होते, तेव्हा मला म्हणाले, "बाई, यांच्या घशाला काही औषध द्या. सहा वर्षं झाली, बसलेलाच आहे."

त्यांची प्रयोगशाळा आणि माझी औषधांची खोली यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. त्यामुळे सकाळी नऊ वाजता ते काय बोलायचे ते मला रोज ऐकू यायचं. मायक्रोस्कोपवरचं कापड काढायचे, घडी करायचे, स्टुलावर बसायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "प्रभू, आजही मीच आलो. दुसरा कोनी भेटला नाई. चालवून घे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडावर ओढणी दाबून हसले. आमच्या घरी अब्बांना नमाजात ऐकलेलं होतं. देवाशी असं, कामावर उशिरा पोचलेल्या माणसानं साहेबाशी बोलावं तसं कुणी बोलतं, हे मला नवं होतं. पुढे त्याची इतकी सवय झाली की ते रजेवर असले की माझी सकाळ सुरू झाल्यासारखी वाटायची नाही.

एकदा मी विचारलंच. "भाऊ, देवावर एवढा विश्वास आहे तुमचा, मग स्वतःवर काऊन नाही?"

"स्वतःले मी ओळखतो ना, बाई," ते म्हणाले आणि परत मायक्रोस्कोपला डोळा लावला.

त्यांचं काम काय होतं ते थोडं सांगते. आमच्या भागात पावसाळा म्हणजे मलेरिया. गावोगावच्या आशाताई तापाच्या माणसाच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घेऊन पाठवायच्या. भाऊ ती काच रंगवून मायक्रोस्कोपखाली धरायचे. एका वेळी रक्ताचा जेवढा गोल तुकडा दिसतो, त्याला फील्ड म्हणतात. असे शंभर फील्ड पाहायचे आणि एकाही ठिकाणी जंतू नसेल तरच 'नाही' लिहायचं, असा नियम. मेंदूत चढणाऱ्या मलेरियाचा जंतू म्हणजे इवलीशी निळी अंगठी, तिच्यावर लाल खड्यासारखा ठिपका. भाऊंनी मला एकदा दाखवला होता. मला तो शोधायलाच पाच मिनिटं लागली. ते म्हणाले, "दिसाले किती सुंदर आहे, नाई? मानूस मारते."

त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत तापाची माणसं फार झाली. बोटाच्या रक्तावर पाच मिनिटांत निकाल सांगणारी किट त्याच आठवड्यात संपली. सगळ्या काचा भाऊंच्या टेबलावर येऊ लागल्या. ते काचांचा डबा उघडून बसायचे ते दुपारच्या जेवणालाही उठायचे नाहीत.

त्यातला एक गुरुवार. दुसऱ्या दिवशी आमची ईद होती आणि आरमोरीकडे जाणारी शेवटची बस चार वाजता. भाऊंची यादी आली की तिच्याप्रमाणे गोळ्यांच्या पुड्या बांधून आशाताईंच्या हाती द्यायच्या आणि निघायचं, असं मी ठरवलं होतं. तीन वाजता मी पार्टिशनवर टकटक केलं. "भाऊ, झालं का?" सव्वातीनला पुन्हा. साडेतीनला मी पिशवी खांद्याला अडकवूनच त्यांच्या दारात उभी राहिले. "भाऊ, बस जाईल माझी."

त्यांनी डोळा उचलला. खूप लाल झाला होता. "झालं, झालं," म्हणाले. यादी दिली. त्या दिवशी त्यांनी टोक धरून ठेवलं नाही. मला बस मिळाली.

रविवारी दुपारी मी परतले, तेव्हा केंद्राच्या ओसरीवर खाट उतरवलेली होती. चौघांनी खांद्यावरून आणलेली. खाटेवर आठ-नऊ वर्षांची मुलगी, डोळे अर्धे उघडे, दात घट्ट बसलेले. तिचं नाव चैती. गुरुवारच्या यादीत तिच्या नावासमोर 'नाही' लिहिलेलं होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी ताजं रक्त घेतलं. काच अंगठ्यांनी भरून गेली होती. पहिलं इंजेक्शन देऊन तिला अॅम्ब्युलन्समध्ये घातलं आणि मॅडम स्वतः तिच्यासोबत गडचिरोलीला गेल्या. तिचा बापही गाडीत बसला.

गाडी गेल्यावर भाऊ आत गेले. गुरुवारच्या डब्यातून त्यांनी ती जुनी काच शोधून काढली आणि पहिल्या फील्डपासून मोजायला सुरुवात केली. मी दारात उभी होते. ते तोंडानं आकडे म्हणत होते. सत्तर. एकाहत्तर. ब्याऐंशीला थांबले.

"आहे," म्हणाले. "एकच आहे. पन आहे. त्या दिवशी मी सत्तरवर उठलो होतो."

खोलीत आम्ही दोघंच होतो. ती काच त्यांनी परत डब्यात ठेवली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. गुरुवारी रक्तात जंतू दिसत नसेल, नंतर वाढला असेल, असंही होतं कधी कधी. मॅडम परतल्यावर त्यांनी तेच समजावलं. "भाऊ, एका माणसाकडे दोनशे काचा. कुणाचंही झालं असतं. कागदावर कशाला आणता?" पण भाऊंनी लिहून दिलं. तो कागद जिल्ह्याला पाठवायच्या फाइलमध्ये लावायला माझ्याकडेच आला. लिहिलं होतं, 'शंभर फील्ड पाहिले नाहीत. कारण, माझी घाई.'

मी ती ओळ तीनदा वाचली. घाई कुणाची होती, हे मला माहीत होतं. मी फाइल लावली आणि गप्प बसले.

भाऊ रजा टाकून गडचिरोलीला गेले. चार दिवस ते चैतीच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. समोरच्या बाकावर चैतीचा बाप. त्याला त्यांनी चहा आणला, बिस्किटं आणली, औषधाची चिठ्ठी वाचून दाखवली. पण जे सांगायला गेले होते, ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्या माणसाला वाटलं, कुणी भला साहेब आहे. चौथ्या दिवशी चैतीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ती वाचली. डाव्या हातात जोर यायला मात्र दिवाळी उजाडली.

परत आल्यावर भाऊंनी मॅडमकडे अर्ज दिला. 'मला काचा वाचण्याच्या कामातून मोकळं करावं. नोंदणीचं किंवा दुसरं कोणतंही काम द्यावं.' मॅडमनी अर्ज टेबलाच्या खणात टाकला, कारण बदली माणूस नव्हताच. भाऊ काचा रंगवायचे, पण वाचायचे नाहीत. डबे शेजारच्या केंद्रात जायचे, निकाल तीन दिवसांनी यायचा. मायक्रोस्कोपवरचं कापड निघेना. सकाळी नऊ वाजता पलीकडून आवाज येईना.

चर्चमध्येही ते शेवटच्या बाकावर बसू लागले, असं वहिनींनी मला सांगितलं. ख्रिस्ती लोकांत प्रभुभोजन म्हणून एक विधी असतो. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांपुढे फिरतो. भाऊ ती थाळी हात न लावता पुढे द्यायचे. वहिनी रडत होत्या. "मी म्हनलं, देवानं माफ केलं असंन. तं म्हनते, त्यानं केलं असंन, पन मी कोनत्या तोंडानं घेऊ?"

मला वहिनींच्या तोंडाकडे पाहवेना.

असे पाच आठवडे गेले. मग एका सकाळी चैतीचा बाप केंद्रात आला. खांद्यावर धाकटी मुलगी होती, तीनेक वर्षांची, तापानं गाल लाल झालेली. तो सरळ प्रयोगशाळेच्या दारात गेला. मी माझ्या खोलीत पुड्या बांधत होते. माझे हात थांबले.

"बिस्कुटवाला साहेब तूच ना? रक्त तूच पाह्यते?"

"हो," भाऊ म्हणाले. स्टूल सरकल्याचा आवाज आला. ते उभे राहिले असावेत. "दादा, बसा. तुमाले एक सांगाचं आहे. चैतीचं रक्त पहिले माझ्याजवळच आलं होतं. त्यात जंतू होता. मी पुरतं पाह्यलं नाई, अन् नाई म्हनून लिहिलं. म्हनून ती तशी झाली."

मुलगी कुरकुरली. त्यानं तिला थोपटल्याचा आवाज आला.

"तवा तू मले बिस्कुट देत होता," तो माणूस म्हणाला.

"हो."

"तवाच सांगाचं होतं."

"हिंमत झाली नाई."

तो बाहेर आला. मला खिडकीतून दिसत होता. ओसरीच्या कडेला जाऊन त्यानं तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला. मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, समोरच्या मोहाच्या झाडाकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता निघून जाईल. किंवा माणसं घेऊन येईल. दोन्हींतलं काहीही झालं असतं, तरी भाऊंनी मान खाली घालून घेतलं असतं. तो परत आत गेला.

"हिले ताप हाय. पाह्य."

"दादा, मी आता पाहत नाई. दुसऱ्या केंद्रात पाठवतो. तीन दिवसांत..."

"चैतीले तीनच दिवस लागले होते," तो माणूस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू पाह्य. मी इथी बसतो." आणि तो उंबरठ्यावर बसला.

मुलीच्या बोटाला सुई टोचल्यावर ती रडली. काच सुकली, रंगवून झाली, धुऊन झाली. मग कापड निघाल्याचा आवाज आला.

भाऊ म्हणाले, "प्रभू, आजही मीच आलो. मी कसा आहे तुले मालूम आहे. आता यालेही मालूम आहे. तरी पोरगी माझ्याच हाती देल्ली. माझ्यानं होत नाई. तू सोडू नको."

उंबरठ्यावरच्या माणसाला यातलं किती समजलं, देव जाणे. त्यानं वळून पाहिलं आणि मुलीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

भाऊंनी शंभर फील्ड पाहिले. मग दोनशे पाहिले. तीनशे. जंतू सापडला असता तर सोपं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. सापडला की सापडला. पण काच रिकामी होती, आणि आता त्यांना तोच शब्द लिहायचा होता, जो लिहून त्यांनी चैतीला त्या खाटेवर घातलं होतं. पाऊण तास झाला. त्यांच्या पेनाचं टोपण उघडल्याचं आणि मिटल्याचं मी तीनदा ऐकलं.

शेवटी ते बाहेर आले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"नाई आहे, दादा. उद्या सकाळी परत आना, परत पाहू. मधात ताप चढला तं तसेच निघून या."

"नाई म्हनते ना तू?"

"नाई."

"बरं," तो म्हणाला आणि मुलीला घेऊन उठला. मी तापाचं औषध दिलं, ते त्यानं कंबरेला खोचलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच्या पायानं ओसरीवर खेळत होती. पावसात भिजल्याची सर्दी होती, दुसरं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात भाऊंनी मॅडमकडून अर्ज परत मागून घेतला. वहिनी रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर आल्या, करंज्या घेऊन. काही न विचारताच म्हणाल्या, "आज घेतलं त्यायनं. प्याला तोंडाले लावताना रस शर्टावर सांडला. डाग निघते का नाई कोनास ठाऊक. नाई निघाला तरी चालते मले."

आता माझी पाळी होती. सोमवारी मी त्यांच्या दारात गेले. तिथेच, जिथे त्या गुरुवारी पिशवी अडकवून उभी होते. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी हाका मी मारल्या होत्या. तीनदा. तुम्ही कागदावर माझं नाव लिहिलं नाही, आणि मी बोलले नाही."

ते काच पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "ऐकल्या होत्या ना मी. हाक तुमची होती, पन डोळा माझाच होता, बाई."

"पण मी..."

"पाच आठवडे तुमी माझ्यासंगं बोलताना खाली पाहून राह्यल्या होत्या. मले समजलं होतं. पन मी काय म्हननार, मी तं त्या मानसाले चार दिवस बिस्कुट चारून राह्यलो होतो." मग त्यांनी बाजूचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा. चहा सांगू? आज यादी कधी होईन ते मात्र विचारू नका."

मी रडत होते आणि मला हसू आलं.

त्यानंतर आम्ही सात वर्षं एकत्र काम केलं. ते काही बदलले, असं समजू नका. कुलूप चारदाच ओढायचे. यादीचं टोक पुन्हा चिमटीत धरू लागले आणि मी ओढणं सोडून दिलं. ते सोडेपर्यंत थांबायची. पाळकांनी पुढे वाचायला बोलावलं तर घसा बसलेलाच. जिल्ह्याहून चुकीबद्दल लेखी ताकीद आली होती, ती त्यांनी लपवली नाही. नवीन कर्मचारी शिकायला आले की खणातून काढून त्यांना आधी ती वाचायला द्यायचे. मग म्हणायचे, "आता मायक्रोस्कोपजवळ बसा."

निवृत्त होऊन ते बल्लारपूरला गेले. दोन वर्षांनी वहिनींचा फोन आला. पोटात गाठ निघाली होती, चंद्रपूरला ऑपरेशन ठरलं होतं. मी सकाळच्या बसनं गेले. ते पलंगावर उठून बसले होते. दवाखान्याच्या हिरव्या अंगरख्यात लहान दिसत होते.

"भीती वाटते का, भाऊ?"

"वाटते ना. सकाळपासून चारदा संडासले जाऊन आलो."

"आणि देवाला काय सांगितलं?"

"हेच सांगितलं. भेव लागते म्हनून. त्याच्यापासून काय लपवाचं?" मग म्हणाले, "अन् म्हनलं, डॉक्टरसाहेबायची झोप झाली असू दे रात्री."

ऑपरेशननंतर ते अकरा दिवस होते, पण नीट शुद्धीवर आले नाहीत. बल्लारपूरला त्यांना माती दिली, तेव्हा मी वहिनींच्या शेजारी उभी होते. पण त्यांचा विषय निघाला की मला ते आठवत नाही. मला आठवते ती ऑपरेशनची सकाळ. ट्रॉली आली. ढकलणारा माणूस पन्नाशीचा, अबोल, पायात रबरी चप्पल. भाऊंना त्यानं आडवं केलं, चादर ओढली. वहिनी आणि मी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत बरोबर चाललो. भाऊंचे ओठ कोरडे पडले होते आणि हात ट्रॉलीच्या कडेला घट्ट होता.

दारापाशी त्यांनी मान उचलून त्या माणसाला विचारलं, "दादा, तुमचं नाव काय?"

"काऊन जी?"

"आत बोलाले वेळ आहे म्हनते थोडा. प्रभूसंगं बोलतो तं तुमचंही नाव घेतो."

तो माणूस चालता चालता थांबला. मग वाकला आणि भाऊंच्या कानाशी काहीतरी म्हणाला. बायकोचं नाव असेल, मुलाचं असेल. एका नावापेक्षा पुष्कळच जास्त वेळ तो बोलत होता. भाऊ मान हलवत होते. मग दार उघडलं आणि ते दोघं आत गेले.